आमच्याकडे थँक यू म्हणत नाहीत

नाही, पण मी म्हणते, गरज काय होती? तुम्हीच सांगा! एकतीस वर्षं झाली लग्नाला, एकतीस वर्षं सकाळचा चहा मी करते, हे पितात, कप तिथेच ठेवतात, विषय संपला. कुणाची काही तक्रार होती का? माझी होती थोडी, पण ती मी ऐकवायची आणि ह्यांनी आयपॅडमागून 'हं' म्हणायचं, अशी छान घडी बसली होती हो... आणि त्या मंगळवारी मी कप ठेवला, तर हा माणूस खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, "थँक यू, सुहासिनी." थँक यू म्हणाले! मला! आणि वर सुहासिनी! एरवी मी 'अगं' असते. बिस्किटांची बशी हातातून पडायचीच बाकी होती. कारण आमच्याकडे थँक यू म्हणत नाहीत. बाहेर म्हणतात, इथे इंग्लंडमध्ये बसमधून उतरताना त्या ड्रायव्हरला तर असं म्हणतात, जसं काही त्याने ह्यांना घरी नेऊन जेवायला घातलंय. पण घरात? बायकोला? मी काय परकी आहे?

आता हे सगळं सुरू कुठून झालं, तर रिटायरमेंटपासून. आमचे पुरुषोत्तमराव ऑफिसातून सुटले आणि माझ्या किचनमध्ये रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात मसाल्याच्या बरण्या एबीसीडीप्रमाणे लावल्या. मला मेथ्या सापडेनात, तर म्हणे, "एफमध्ये बघ, फेन्युग्रीक." मी म्हटलं, अहो, फोडणीला घालायच्यात, डिक्शनरीत नाही! मग मीच आपल्या मेडनहेडच्या त्या ॲडल्ट कॉलेजचं ब्रोशर आणून समोर टाकलं. माझ्याच हाताने! त्यात सोशिऑलॉजी, स्पॅनिश आणि पब्लिक स्पीकिंग, तिन्ही अगदी पहिल्या पायरीचे. म्हटलं, एक निवडा. तर हे म्हणाले, "तिन्ही बिगिनर्सचेच तर आहेत," आणि बुफेत उभं केल्यासारखे तिन्ही वाढून घेतले.

मला वाटलं, सुटले! कसलं सुटतेय... मंगळवारी थँक यू झालं आणि बुधवारी जेवताना हे माझ्याकडे टक लावून बघायला लागले. घास हातात, पापणी लवत नाही. म्हटलं, तोंडाला काही लागलंय का माझ्या? तर एक, दोन, तीन सेकंद थांबले आणि म्हणाले, "गवार... उत्तम झाली आहे. मला अजून थोडी मिळू शकेल का?" मिळू शकेल का म्हणजे? पातेलं समोर आहे! गुरुवारी विचारलं, "मी बाथरूम वापरू का?" अहो, घर तुमच्या नावावर आहे! शुक्रवारी पोळी वाढली, तर "ग्रासियास"! म्हणजे मराठीत कधी नाही, इंग्लिशमध्ये तीन दिवस, आणि आता स्पॅनिशमध्येसुद्धा आभार मानून झाले!

आता मला सांगा, नवरा एकाएकी गोड बोलायला लागला की बाई काय समजते? दोनच गोष्टी. पहिली मी लगेच बाद केली. ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, दुसरी बाई कुठून सापडणार? म्हणजे उरलं आजारपण. वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलंय आणि हे जाण्याआधी सगळं नीट करून ठेवतायत. सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन केला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, "व्हॉट आर द सिम्प्टम्स, डिअर?" म्हटलं, ही सेड थँक यू. "अँड?" म्हटलं, फोर डेज! तिने मला तीन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट दिली... बहुतेक माझ्याच नावाने.

मग नणंदेला फोन. वैजयंतीवन्सं लेस्टरला डॉक्टर आहेत, रडणाऱ्या पेशंटलासुद्धा "पुढे?" म्हणतात, अशी बाई. त्या म्हणाल्या, "दादा? थँक यू? वहिनी, मी निघते." एडिनबराला मिहीरला सांगितलं, तर माझा मुलगा हळूच म्हणाला, "आई... इज ही डाइंग?" बघा! पोटच्या पोरालाही तेच वाटलं!

रविवारी दोघं आले. ह्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं. वन्सं म्हणाल्या, "दादा, लपवू नकोस, रिपोर्ट दाखव." हे पांढरेफटक पडले. म्हणाले, "तुम्हाला रिपोर्टचं कसं कळलं?" आणि वर जाऊन एक निळी फाईल घेऊन आले. मी मिहीरचा हात घट्ट धरला. वन्संनी फाईल उघडली, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या... 'दिवस पहिला. सब्जेक्टच्या हातातून बशी निसटता निसटता राहिली. दिवस चौथा. सब्जेक्टला संशय आला आहे. सब्जेक्ट नातेवाइकांना फोन करत आहे.'

सब्जेक्ट! एकतीस वर्षं संसार केला आणि मी सब्जेक्ट!

तर तो होता सोशिऑलॉजीचा होमवर्क. घरात एखादी न बोलता पाळली जाणारी रीत असते ना, ती आठवडाभर मोडायची, कुणाला सांगायचं नाही, आणि लोक कसे वागतात ते लिहायचं. हे म्हणून आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहत होते. आणि ते टक लावून बघणं? ते पब्लिक स्पीकिंग! 'आय कॉन्टॅक्ट ठेवा, वाक्याआधी तीन सेकंद थांबा.' मी आधी रडले, कारण माणूस ठणठणीत होता. मग असं बोलले की मिहीर भारतात जन्मला नसूनही सगळं मराठी समजला.

पण थांबा, पुढे ऐका. पेपर नापास झाला! सोशिऑलॉजीच्या त्या हिलरी मॅडमनी लाल पेनाने लिहिलं, 'परशोटम, लव,' इथे कुणालाही लव म्हणतात, 'थँक यू म्हणणं म्हणजे रीत मोडणं नव्हे. दॅट्स जस्ट मॅनर्स. पुन्हा करा.' अहो, बोर्डात आलेला माणूस! आयुष्यात नापास माहीत नाही! दोन दिवस जेवणात लक्ष नाही. मग हळूच म्हणाले, "अगं, तू येशील का क्लासला? ते लोक ऐकतच नाहीत. तू सांग त्यांना, आमच्याकडे थँक यू म्हणत नाहीत."

म्हणजे नवऱ्याने माझे कधी आभार मानले नाहीत, याची साक्ष द्यायला, त्याच्याच वतीने, बाराजणांसमोर मी उभी! आणि सांगितलं मी. सासरे चार वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं मी केलं, तेव्हा हे थँक यू म्हणाले नाहीत. मिहीरच्या वेळी तीस तास कळा सोसल्या, तेव्हा नाही. मी नोकरी सोडून ह्यांच्यामागे ह्या देशात आले, तेव्हा नाही. आणि मला कधी वाईट वाटलं नाही, कारण आमच्यात ज्याचे आभार मानतात तो बाहेरचा, असं मी त्या गोऱ्यांना ठणकावून सांगत होते... आणि सांगता सांगता मला कळलं, तो आठवडा मला आवडला होता. भीतीने जीव जात होता, पण आवडला होता. तेही सांगून टाकलं. लपवायचं कशाला?

हिलरीने डोळे पुसले, ह्यांना वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले आणि मला विचारलं, "तुम्ही पब्लिक स्पीकिंग कुठे शिकलात?" बाहेर कार पार्कमध्ये आलो. मी मनात म्हटलं, आता तरी. आज नाही तर कधीच नाही. हे किल्ली चाचपत, विंडस्क्रीनवरचं पान काढत, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बरी बोललीस."

बस्स. एवढंच. घरी येईपर्यंत मी विचार करत होते, हे कमी झालं की जास्त? अजून ठरत नाही. सगळी घडीच विस्कटली ना माझी! पूर्वी आमच्याकडे थँक यू म्हणत नव्हते, तर डोक्याला ताप नव्हता. आता म्हणाले की वाटतं, नवीन होमवर्क मिळालाय... आणि म्हणाले नाहीत की वाटतं, पास झाले, आता कशाला म्हणतील!