म्हशीची वाट

(नांदेड. गोदावरीकाठच्या गल्लीतला गोठा. महापालिकेच्या पूर-आराखड्याचं काम बघणारी शिल्पा दारात उभी आहे.)

तुळजाबाई : न्हाई म्हणलं ना. पुराचा भोंगा वाजू दे न्हाईतर ढोल वाजू दे. म्हशीला सोडून मी शाळेत येऊन बसायची न्हाई.

शिल्पा : मावशी, तुम्ही हलत नाही म्हणून अख्खी गल्ली पाणी दारात येईपर्यंत बसून राहते.

तुळजाबाई : त्यांना मी धरून ठिवलंय का?

शिल्पा : गेल्या पुरात सगळ्यांना पोचवून होडीवाला धोंडप्पा तुमच्यासाठी एकटा परत आला. होडी कलंडली, पाय मोडला त्याचा.

तुळजाबाई : ठाव हाय. पाय बरा होईस्तोवर रोज दूध धाडलं त्याच्या घरी.

शिल्पा : आणि बुडाला असता तर?

तुळजाबाई : त्याचंच भ्या वाटतं गं अजून. झोप लागत न्हाई. पण हिला न्यावं कुठं? शाळेचा हेडमास्तर शेण म्हणलं की फाटक लावून घेतो. तुमच्या आराखड्यात माणसं हायेत. जनावर हाय का?

शिल्पा : नव्हतं. चूक आमची होती. आता मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उंचावरचं एक शेड जनावरांसाठी घेतलंय. चारा-पाणी तिथंच.

तुळजाबाई : अन् ही येईल व्हय? पाण्याच्या आवाजानं बिथरली की कुणाच्या बापाला ऐकत न्हाई.

शिल्पा : मी लोहा गावची आहे, मावशी. म्हशींत वाढले. जिथं पेंड मिळते ती वाट म्हैस विसरत नाही. आजपासून रोज संध्याकाळी हिला मोंढ्यात नेऊ, तिथंच पेंड चारू. पाऊस लागेपर्यंत तिची तीच जाईल.

तुळजाबाई : रोज? तू येशील, हापिस सोडून?

शिल्पा : हेच माझं ऑफिस. तुम्ही निघाल्याशिवाय ही गल्ली निघत नाही, हे मला कळून चुकलंय. मी काही पिच्छा सोडणार नाही.

तुळजाबाई : लई चिवट हायेस. साडीला शेण लागंल.

शिल्पा : लागू द्या. दावं द्या इकडं.

तुळजाबाई : घे. उजव्या अंगानं चाल, डावीकडं शिंग लावती. अन् धोंडप्पाला सांग माय, यंदा होडी माझ्या दारात आणू नको म्हणावं. मी घावायची न्हाई तिथं.