राक्षसिणीची दृष्ट

अगं, राक्षसांच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या त्या बाई राजारामपुरीत पुस्तकाच्या दुकानात आल्या होत्या नव्हं, तेव्हाचं ऐक. त्यांचं पुस्तक वाचून आमची परी इतकी भ्यालेली की रात्री दचकून उठायची. तिला घेऊनच सह्यांच्या रांगेत उभी होते. माझा नंबर आला तसं मी सरळ म्हणाले, "मॅडम, तुमच्या राक्षसिणीची नजर लागलीया पोरीला. रोज मीठ-मिरच्या उतरवतोय, काय फरक न्हाय."

मागची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. बाई हसल्या न्हाईत.

"मीठ-मिरच्या आणल्यात?"

"व्हय की." माझ्या पर्समध्ये पुडी असतीयाच.

"मग माझ्या राक्षसिणीचीपण दृष्ट काढा. जो तो तिला शिव्या घालतो. तिला आई नाही हो." असं म्हणून त्यांनी पुस्तकावरचं तिचं चित्र माझ्यापुढं धरलं, मांडीवरचं लेकरू धरावं तसं.

मी पुडी सोडली. "आल्यागेल्याची, भुताखेताची" म्हणत मी खरंच उतरवली.

परीनं माझ्या पदराआडनं मुंडकं काढलं. चित्रावरनं हळूच हात फिरवला आणि म्हणाली, "आई, आज हिला आपल्या दोघींच्या मध्ये झोपवूया."