कागद फाडला काऊन?

गोंडपिपरीहून चंद्रपूरला निघालेल्या एस.टी.त माझ्या पुढच्या सीटवर फरहा आणि हर्षा बसल्या होत्या. बी.ए.चा इंग्रजीचा पेपर तासाभरावर होता. माझ्या शेजारी एक म्हातारी होती.

“हर्षा, नाटकाचा शेवटचा अंक मले समजूनच नाई राह्यला! त्या मानसानं चेटूक केलंच नाई. खोटं कबूल करून कागदावर सही केली, जीव वाचला. मंग तोच कागद फाडला काऊन?”

“गाइडमंदी ‘स्वाभिमान’ लिवलं हाय.”

“पण फाशी हाय ना यार!”

म्हातारी पुढे वाकली. “काऊन वो पोरी, तो कागद लोकाइले दाखवनार होते का?”

“हाव आजी, चर्चच्या दारावर लावनार होते!”

“अन् त्याले लेकरं होते?”

“तीन! तुमाले कसं मालूम?”

“माया मायले गाववाल्याइनं असंच धरलं होतं. ‘करणी केली म्हण, सोडून देतो,’ म्हणत. माय म्हणे, मी हो म्हटलं त माई पोरगी जलमभर करणीवालीची पोरगी होईन.”

“हर्षा, हेच! हेच लिवाचं! मंग सोडलं का आजी त्याइनं?”

“नाई. मारलं तिले. तुळसा नाव होतं तिचं. माया नातीचं तेच ठेवलं. शाळेत रोज हजेरीले मास्तर जोरानं पुकारते.”