बाई संपावर आहेत

(लासूर स्टेशनजवळचं एक गाव. मार्च महिना, दुपार कलती. इथल्याच जिल्हा परिषद शाळेची शिक्षिका निशा शहरातला मोर्चा अर्धा सोडून माहेरी आली आहे. अंगणात वडील मुंजाबा आणि आई राजाबाई.)

निशा : पाणी नको मला. आधी सांगा आबा, हे खरंय का?

मुंजाबा : काय खरंय?

निशा : हा व्हिडिओ. मारुतीच्या देवळात माझ्या शाळेतली पोरं बसलीत, आणि मधे तुम्ही. हातात खडू.

मुंजाबा : व्हय की. मीच हाय. लई वाळल्यावानी दिसतो.

राजाबाई : बगू. आवं, पटका कसा बांधलाय? मागं पार लोंबतोय.

निशा : माय, चेष्टा नको गं. खाली काय लिहिलंय वाचू? ‘संपकरी शिक्षिकेला बापानंच शिकवला धडा.’ सकाळपासून साऱ्या जिल्ह्यात फिरतोय हा. आमच्या संघटनेचे तालुकाध्यक्ष, काकासाहेब सर, त्यांनी भर मोर्चात मोबाईल माझ्यापुढं धरला. म्हणाले, ‘मॅडम, आधी घरचा संप सांभाळा.’ लोक हसले, आबा.

मुंजाबा : हे धडाबिडा कुणी लिवलं?

निशा : शूटिंग कुणी केलं?

मुंजाबा : गावातला तो अतुल आलता परवा. मोबाईल धरून हुबा व्हता. मला वाटलं फोटू काढतोय. मी तुझ्याबद्दल काय नाय बोललो, बाई. तुझी आन.

निशा : पण तुम्ही बसलातच कशाला? गावात दुसरं कुणी नव्हतं?

मुंजाबा : नव्हतं. संप सुरू झाला अन् पोरं उंडारली. तिसऱ्या दिशी मी मेंढरं पाजायला गेलो, तर सांडूची नात, ती गौरी, हिरीच्या काठावर पाय सोडून बसलेली. पाठीला दप्तर. म्हनलं, घरी जा. तर म्हने, घरी कुणी नाय, समदे कांदा काढायला गेलेत. शाळेला कुलूप. खिचडी नाय. मंग तिला हाताला धरून देवळात आनली. तिच्यामागं दुसरी आली. तीन दिसांत तेवीस झाली.

निशा : गौरी? विहिरीवर?

राजाबाई : पाय सोडून. मीबी मागनं व्हते. बगितलं नसतं तर मलाबी खरं वाटलं नसतं.

निशा : मग मला फोन करायचा ना!

मुंजाबा : अन् तू आली असती?

निशा : संप सोडून? कशी येणार?

मुंजाबा : बघ.

निशा : आबा, मला का हौस आहे उन्हात घोषणा द्यायची? आमच्या बिभीषण सरांचं माहीत आहे ना तुम्हाला? सोळा वर्षं नोकरी केली, शाळेतच छातीत कळ आली, गेले. त्यांच्या बायकोला, सुकेशनीवहिनीला, महिन्याला किती येतात? दोन हजार. दोन पोरं आहेत पदरात. आधीच्या मास्तरांना पेन्शन, आणि आम्ही दोन हजार पाचनंतर लागलो म्हणून आम्हाला काही नाही? काम तेच ना?

मुंजाबा : त्या सुकेशनीचं वाईट झालं. तिला द्यायलाच पायजे. ज्याच्या घरावर अशी पाळी आली त्याला सरकारनं हात द्यावा, त्याला मी कवा नाय म्हनलो? पर समद्यांना जल्मभर निम्मा पगार, तो कुणाच्या खिशातून?

निशा : सरकार देईल.

मुंजाबा : सरकार काय शेती करतं? माझ्या पेंडीवर कर, खतावर कर, तुझ्या मायच्या गोळ्यांवर कर. आगपेटी घेतली तरी त्यात सरकारचा वाटा. मत पायजे तवा एका हातानं फुकट वाटायचं, अन् दुसऱ्या हातानं वसूल करायचं. माझं सोड, मी चाललो. तू म्हातारी व्हशील तवा कमावती कोण असंल? गौरी असंल. तुझी पेन्शन तिच्याच करातून यायची ना? मंग तिला आज भागाकार तरी येऊ दे.

निशा : हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मुंजाबा : दुसरी शिकलेल्या मानसाला कोण शिकवतंय? मेंढरामागं चालताना इचार करायला लई टाइम भेटतो.

निशा : संप केल्याशिवाय सरकार ऐकत नाही, आबा. निवेदनं देऊन देऊन थकलो.

मुंजाबा : तू बदलून यायच्या आदी दोन वरीस हितं एकच मास्तर व्हता. पाच वर्गाला एक. तवा तुमच्या संघटनेनं किती मोर्चे काढले?

निशा : निवेदन दिलं होतं.

मुंजाबा : पेन्शनीला मोर्चा, अन् पोरांला निवेदन.

राजाबाई : झालं का? लेकरू उन्हातून आलंय. तोंड बघा तिचं.

निशा : राहू दे, माय. बोलू दे त्यांना. ते दोन वर्षांचं खरंय. मी बैठकीत म्हणाले होते एकदा. सगळे म्हणाले, ‘पुढचा विषय.’ मीही गप्प बसले.

मुंजाबा : तुझ्यावर राग नाय माझा. मालकाशी भांडन आसलं तर मालकाशी भांडावं. मेंढरं उपाशी ठिवून भांडू नाय. आमच्यात असंच हाय.

निशा : पण तिथं माझी मान खाली गेली ना, आबा. सगळ्यांना वाटलं, बापच हिच्या विरोधात. शेजारी बसलेली बाई बाजूला सरकली.

मुंजाबा : बाजूला सरकली?

निशा : हो.

मुंजाबा : …मंग उद्यापासून नाय बसत मी. तुझी बेइज्जती व्हत आसंल तर नाय बसत. पोरांला तूच सांग मात्र. माझ्याच्यानं नाय व्हनार.

राजाबाई : निशा, एक सांगू? तू पयलीला व्हती तवा दिवाळी झाली की समदे मेंढरं घिऊन पैठणकडं निघायचे, गोदागंगंच्या काठाला. तू रडून रडून शाळा धरून बसली. मंग हे मागं राह्यले तुझ्यापाशी. तीन हिवाळे मी अन् माझा दीर, दोघंच गेलो कळप घिऊन. भावकी हसली ह्यांना. म्हनले, बायको मेंढरामागं अन् गडी घरी लेकीच्या येण्या घालतो.

निशा : हे मला माहीत नव्हतं. लोक हसले होते ते.

मुंजाबा : सोड. येण्याबी धड जमल्या नाय कवा. येक वर, येक खाली.

निशा : शाळेतल्या बाईंनी एकदा सोडून पुन्हा घातल्या होत्या.

मुंजाबा : मला बोलली नाय!

निशा : तुम्ही रोज इतक्या मनापासून घालायचा… आबा, मी कुठं आहे म्हणून विचारलं असेल पोरांनी. काय सांगितलंत?

मुंजाबा : म्हनलं, बाईंचं सरकारकडं मोठं काम हाय. झालं की येतील.

निशा : संपाला नावं नाही ठेवली?

मुंजाबा : पोरांम्होरं? त्यांच्या बाईला? माझं भांडन तुझ्याशी हाय. त्यांचं कशाला करू?

राजाबाई : घे आता पानी. नाय म्हनू नको.

निशा : दे. …आणि ही पाटी कुणाची?

मुंजाबा : माझीच. चौथीच्या पोरांला भागाकार दिलता. घरी आणून पुन्ना करून बघत व्हतो.

निशा : चारशे बारा भागिले चार. तेरा? आबा, हे असंच शिकवलं?

मुंजाबा : चाराला चारानं भागलं, येक. बाराला चारानं भागलं, तीन. तेरा. चुकलं काय?

निशा : चारशे बारा मेंढरं चौघांत वाटली, आणि एकेकाला तेरा? बाकीची कुठं गेली?

मुंजाबा : लांडग्यानं नेली.

राजाबाई : साडेतीनशे?

निशा : इकडं बघा. चार शतकं चौघांत, एकेकाला एक शतक. आता पुढचं दशक एकच आहे. ते चौघांत वाटता येतं का?

मुंजाबा : नाय.

निशा : म्हणून तिथं शून्य मांडायचं. मग ते दशक आणि दोन, मिळून बारा. त्याचे तीन. किती झाले?

मुंजाबा : येक, शून्य, तीन. येकशे तीन! आरं तिच्या. पर शून्य म्हंजी काहीच नाय, मंग मांडायचं कशाला?

निशा : जागा मोकळी सोडली तर पुढचा आकडा पुढं सरकतो आणि सगळंच चुकतं. म्हणून.

मुंजाबा : मी तर समद्यांना तेरा लिवून दिलं.

निशा : मग उद्या दुरुस्त करा.

मुंजाबा : उद्या?

निशा : पोरांना चुकीचं शिकवून मधेच सोडता येत नाही. सांगायचं, काल माझं चुकलं. पोरं हसत नाहीत. मी नेहमी सांगते.

मुंजाबा : अन् तू?

निशा : मी सकाळच्या गाडीनं मोर्चाला जाणार. संप मोडणार नाही. सुकेशनीवहिनी रोज येऊन बसतात तिथं.

मुंजाबा : मी कुटं म्हनलो मोड.

राजाबाई : अन् त्या काकासाहेबाला काय सांगशील?

निशा : सांगेन, बापाला हुकूम करता येत नाही. आणि त्या दोन वर्षांचा विषयही काढेन. या वेळी गप्प नाही बसणार.

मुंजाबा : पुन्ना सरकतील बाया बाजूला.

निशा : सरकू दे. जागा होईल ऐसपैस. …लिहून घ्या आबा, नाहीतर विसराल. सकाळी आधी पाढे, मोठ्यानं. मग दुसरीचं वाचन. तुम्हाला शब्द अडला तर चौथीच्या पोरांना विचारा, लाजू नका. दुपारी ऊन वाढलं की सोडून द्या. आणि मोकळं कुणाला जाऊ देऊ नका, घरी कोण आहे ते विचारून पाठवा.

मुंजाबा : पाढे. वाचन. घरी कोन हाय. आजून?

निशा : अजून… आप्पासाहेबांच्या धाकट्या पोरीला पुढं बसवा, फळ्याजवळ. तिला लांबचं दिसत नाही. ती सांगत नाही कुणाला.