लोकरीचे हातमोजे

सासूबाई: ...आणि डॉक्टरांनी विचारलं तर म्हणतो कसा, हातमोजे घालायला विसरलो. विसरलो म्हणे. हिनं बिचारीनं अवघडलेल्या अंगानं विणले आणि तुला ते घालायचा कंटाळा.

तो: आई, पुरे ना आता.

सासूबाई: पुरे कसं? बाप व्हायचंय तुला. पाळणा अर्धवट टाकून बोट मोडून बसलास. जाऊ दे, उरलेलं माझं मी बघते. भरव गं त्याला.

ती: हो आई.

तो: ...गेली?

ती: गेल्या. तोंड उघड.

तो: डावा हात आहे की मला.

ती: डाव्या हातानं सकाळी शर्टाला चहा पाजलास. ऐक ना, मला खरं काय ते त्यांना सांगायचंय.

तो: कशाला? मोजाच ड्रिलमध्ये गेला म्हटलं, तर तुझ्या विणकामाचा विषय या घरात कधी संपायचा नाही.

ती: त्या माझं कौतुक करतात आणि मी खाली मान घालून ऐकते. आज दोनदा ऐकलं.

तो: तुला कुठे ठाऊक होतं?

ती: तुला होतं?

तो: मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय. फिरत्या मशीनवर मोजे नकोत.

ती: मग का घातलेस?

तो: तू दारात उभी होतीस. मापाला बरोबर बसतात का, बघत.

(मागच्या शेडमधून ड्रिलचा आवाज येतो.)

तो: कोणी लावलंय ते?

ती: आईच असणार. उरलेलं बघते म्हणाल्या ना, भोकंच तर उरलीत. अरे देवा, त्यांनाही विणलेत मी मोजे. त्याच लोकरीचे.

तो: थांब, धावू नकोस. मागून हाकही मारू नकोस, दचकेल ती. पॅसेजमधला शेडचा मेन स्विच खाली कर आधी. मी येतो.

ती: तू बस. हे माझं मला करू दे.

(ड्रिलचा आवाज थांबतो. ती शेडच्या दारात येते.)

सासूबाई: लाइट गेली वाटतं.

ती: गेली नाही, मी बंद केलीय.

सासूबाई: तू कशाला आलीस या धुळीत? आणि बंद का केलीस? हे बघ, चष्मा लावलाय, फळी आवळलीय, मोजे घातलेत. मी काही तुझ्या नवऱ्यासारखी नाही.

ती: मोजे काढा, आई.

सासूबाई: अगं, तूच विणलेस ना?

ती: म्हणूनच सांगतेय. त्यानंही घातले होते. लोकर ड्रिलच्या फिरत्या बिटमध्ये अडकली आणि मोजा बोटासकट ओढला गेला. मोजा नसता तर हात मागे घेता आला असता त्याला.

सासूबाई: विसरला म्हणाला तो.

ती: मला बोल लागू नये म्हणून.

सासूबाई: मग तो मोजा कुठाय? मी आले तेव्हा इथे काही नव्हतं.

ती: मी प्लग ओढला, मोजा कापून काढला. आधी तो खिशात कोंबला आणि मग तुम्हाला हाक मारली.

सासूबाई: आधी मोजा?

ती: हो.

(सासूबाई एकेक मोजा काढतात.)

ती: काहीतरी बोला ना, आई.

सासूबाई: काय बोलू? दवाखान्यात चार लोकांत त्याला निष्काळजी म्हटलं मी. तो हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प आहे.

ती: मी गप्प बसायला नको होतं.

सासूबाई: नकोच होतं. ...बसू नकोस तिथे, भुसा आहे. स्टूल घे.

ती: ते मोजे द्या. उसवून टाकते.

सासूबाई: राहू दे. बाहेर थंडीत घालीन. इथे नाही.

ती: चला ना आत. तो वाट बघत असेल.

सासूबाई: तू हो पुढे. विचारलं तर सांग, आई मशीन पुसत बसलीय.