सातव्या खुर्चीची परंपरा

नाट्यगृहाच्या तिकिटांच्या रांगेत तिथलेच निवृत्त सुतारकाका उभे होते. त्यांच्या पुढे दोघी जावांचं बोलणं चाललं होतं.

"पहिल्या रांगेतली सातवी खुर्ची कायम रिकामी ठेवतात, वहिनी."

"का गं?"

"संस्थापक अजून येऊन बसतात म्हणे तिथे. चाळीस वर्षांची परंपरा आहे."

"अगंबाई! दुसरं कुणी बसलंच नाही कधी?"

"एक पाहुणे बसले होते. धाडकन आपटले!"

काकांना राहवेना. "अहो, पाय मोडलाय तिचा. दुरुस्ती माझ्याकडेच होती. आज करतो, उद्या करतो म्हणता म्हणता राहून गेली. अजून मन खातं."

"मग आता करून टाका की!"

"सकाळीच हत्यारं घेऊन आलो होतो. मॅनेजर म्हणाले, परंपरेला हात लावायचा नाही."