पाजणीच्या दिवशीची ॲडमिशन

मी उमरेडची, ताई. बाप कोष्टी, आजा कोष्टी, नवराबी कोष्ट्याचाच पाहून दिला, म्हणजे पाळण्यात होती तवापासून मागाची खटखट कानात आहे. लोकायले आवाजानं झोप येत नाही, मले आवाज थांबला का जाग येते, तुम्ही हसून राहिल्या पण खरं सांगतो मी. लग्न झालं अन् नागपुरात आली, ह्याच गल्लीत, ह्याच घरात, अन् पहिल्याच दिवशी ह्या चौकटीले डोकं आपटलं, कारण मी उंच अन् ह्यायचं दार बुटकं. सासू म्हणे पाहून चाल वं. मी म्हटलं दार मोठं करा नं. नवी नवरी मी, हळद उतरली नव्हती! तवापासून गल्लीत माझं नाव झालं का ही तोंडाची तिखट आहे, अन् ते नाव मी आजपर्यंत सांभाळलं.

आमचे हे एकदम उलटे. हा माग ऐकू येऊन राहिला नं आतून, तो त्यायचाच. दिवसभरात दोन शब्द बोलले तं मी समजो आज काही सण आहे. रागावले तरी चूप, खुश झाले तरी चूप, फक्त माग जराशीक जोरात चालते, त्याच्यावरून आपण समजून घ्यायचं. मी बोलो अन् हे विणत, असा आमचा संसार.

तं मी कायचं सांगत होती? हां, प्रभाकरच्या शाळेचं. प्रभाकर म्हणजे माझा पोरगा. पण त्याच्या पहिले तुम्हाले पाजणी समजली पायजे, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. लुगडं विणाचं म्हणजे पहिले उभे धागे लागतेत, लांबच लांब, त्याले ताणा म्हणतेत. एवढी जागा घरात कोणाजवळ आहे? म्हणून ताणा गल्लीत बांबूवर ताणाचा, पार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याले पिठाची खळ लावाची, अन् दोघं जण दोन बाजूनं मोठा कुंचा धरून ओढत ओढत जातेत, येतेत, जातेत, येतेत, वाळेपर्यंत. ही पाजणी. मधात थांबलं का धागे एकमेकायले चिकटले, ताणा खलास, मंग त्या घरानं खाचं काय? गल्ली एकच, म्हणून कोणाची पाजणी कोणत्या दिवशी ते म्हातारे लोक ठरवत. अन् एक रीत होती, ज्याचा ताणा त्याचा हात कुंच्याच्या एका बाजूले पायजेच. दुसरी बाजू कोणीबी धरो, भाऊ धरो, शेजारी धरो, पण मालकाची बाजू मालकाची. कोणी त्याले हात लावत नसे, कारण धागा तुटला तं उद्या बोल कोणाले लावाचा?

समोर दादाजीचं घर. ते पाहा, निळं दार. एक वेळ आमचा बांबू रोवताना त्याच्या ओट्याचा कोपरा फुटला, दादाजी बोलला, मी काय चूप बसणारी होती, मी म्हटलं ओटाच कच्चा असन तुमचा. झालं. तवापासून अबोला. एका गल्लीत राहाचं, एका नळावर पाणी भराचं, पण तोंड इकडं अन् तोंड तिकडं. काही सांगाचं असलं तं दुसऱ्याच्या तोंडून, नाहीतर हवेले. प्रभाकर मोठ्यानं वाचत बसला का दादाजी हवेले म्हणे, कोष्ट्याचं पोट्टं, वाचून काय कलेक्टर होईन! मीबी हवेलेच सांगो, होईन, अन् पहिले ओटे मजबूत करीन.

प्रभाकर महानगरपालिकेच्या शाळेत होता. चौथी संपत आली अन् त्याचे गुरुजी सायकलवरून घरी आले, म्हणे बाई, याले आता त्या मोठ्या शाळेत घाला. मी म्हटलं कोणत्या? त्यायनं नाव सांगितलं अन् मी हसलीच. पोरांची खासगी शाळा ती, वकिलाचे पोट्टे, डॉक्टरचे पोट्टे, फाटकावर गुरखा, पोट्ट्यायच्या गळ्यात टाय. तिथं आमचा? गुरुजी म्हणे, परीक्षा तं देऊ द्या. दिली. अन् पास झाला! गुरुजीच पुन्हा सायकल हाणत आले, घामानं भिजलेले, म्हणे आता फक्त हेडमास्तरांची मुलाखत, सोमवारी सकाळी, आईवडलांनी पोराले घेऊन जायचं.

आता आमची चूक ऐका, अशी चूक आमचेच लोक करतीन. आमच्यात घरचं एक माणूस गेलं म्हणजे घर गेलं. लग्न असो, बारसं असो, मयत असो, कोणीबी एक जण गेलं का हजेरी लागली, बाकीचे मागावर. तं आईवडील या म्हटल्यावर आम्ही समजलो का दोघांतलं कोणीतरी. अन् शनिवारची आमची पाजणी कोणाच्या तरी घरच्या मयतीनं सोमवारवर गेली. मी म्हटलं काही हरकत नाही, तुम्ही पाजणी करा, मी शाळेत जातो, बोलणारी मीच आहो. हे चूप. म्हणजे हो.

सोमवारी पहाटे ताणा लागला, एका बाजूनं हे, दुसऱ्या बाजूनं माझा दीर. मी खळ शिजवून दिली, आंघोळ केली, लग्नातलं लुगडं नेसली, पोट्ट्याले तेल लावून भांग पाडून दिला अन् निघालो पायी. शाळा पाहिली तं काय सांगू तुम्हाले ताई, लाल फरशी, एवढी चकचक का मले माझंच तोंड दिसे. बाकड्यावर सगळे जोडीनं बसलेले, साहेब अन् बाई, साहेब अन् बाई, मधात पोट्टा. माझ्या बाजूले जागा खाली. तरी मले काही वाटलं नाही, मी मजेत बसली.

आमचा नंबर आला. हेडमास्तर चांगला माणूस होता बरं का, उगाच वाईट नाही म्हणणार, पण नियमाचा पक्का. म्हणे, मुलाचे वडील कुठे आहेत? मी म्हटलं घरी आहेत, मी आली नं. ते म्हणे, आम्ही दोघांनाही बोलावलं होतं. मी म्हटलं साहेब, पाजणी आहे. ते म्हणे, काय आहे? आता त्यायले पाजणी काय सांगू! मी सांगू लागली, खळ, कुंचा, बांबू, ते चष्मा काढून पाहतच राहिले. मंग म्हणे, बाई, ज्या वडलांना मुलाच्या प्रवेशासाठी एक सकाळ काढता येत नाही, ते पुढे काय लक्ष देणार? दुपारच्या सुट्टीची घंटा होईपर्यंत थांबतो, नाहीतर ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

पोट्टा माझ्याकडं पाहून राहिला. रडला नाही, पण हनुवटी हलत होती त्याची. त्याले म्हटलं, इथं बाकड्यावर बस, उठू नको, कोणी उठवलं तरी उठू नको. अन् मी निघाली. लुगड्याचा काष्टा वर खोचला अन् धावली मी, भर रस्त्यानं, लग्नातल्या लुगड्यात, लोक पाहतेत तं पाहू द्या.

गल्लीत पोचली तं ताणा अर्धा ओला, अर्धा वाळत आलेला, म्हणजे सगळ्यात नाजूक वेळ. मी धापा टाकत सांगितलं. ह्यायनं ऐकलं, कुंचा चालूच. माझ्याकडं पाहिलं, ताण्याकडं पाहिलं. अन् मले त्यायचं तोंड पाहवलं नाही. ताणा सोडला तं घर उपाशी, नाही सोडला तं पोराची शाळा गेली. सगळी गल्ली दारात येऊन उभी झाली, पण हात कोण लावणार? मालकाची बाजू होती नं ती. मले रडू फुटलं. भर गल्लीत, मी!

अन् समोरचं निळं दार वाजलं. दादाजी ओट्यावरून उतरला, धोतर वर खोचलं, सीधा आला अन् ह्यायच्या हातातून कुंचा घेतला. मागितला नाही, घेतला. ह्यायच्याशी बोलला नाही, माझ्याशी बोलला नाही, माझ्या दिराले म्हणे, त्याले म्हणा जाय लवकर, अन् धागा तुटला तं दादाजीनं तोडला म्हणून सांगा साऱ्या गल्लीले. अन् चालू झाला, जाय, ये, जाय, ये, जसा त्याचा सोताचाच ताणा. आमचे हे एक घडी तसेच उभे, हात खाली, खळ गळून राहिली हातातून. मी ओरडली, चला न गा आता!

कोणीतरी सायकल दिली. हे पायडल मारत अन् मी मागं कॅरिअरवर. जन्मात पहिल्यांदा सायकलवर बसली मी, लुगडं एका हातानं धरलेलं, दुसऱ्या हातानं नवऱ्याची बंडी, अन् ओरडत होती, बाजू व्हा, बाजू व्हा! गुरखा फाटकावर आडवा झाला तं मी म्हटलं आमचा पोरगा आत आहे, अन् घुसलोच.

लाल फरशीवर आमच्या ह्यायचे अनवाणी पाय, अन् पायाले सगळी खळ. फाटकापासून हेडमास्तरच्या खोलीपर्यंत पांढरे पाय उठले, एक, एक, एक. चपराशी मागून ओरडे, अरे बाबा पाय, पाय! हे कायचे थांबतेत. प्रभाकर बाकड्यावरच होता, बापाले पाहून असा हसला, का अजून डोळ्यापुढं आहे माझ्या.

आत गेलो. हेडमास्तर ह्यायच्याकडं पाहेत, खालून वर, अंगावर खळ, मिशीवर खळ. बसा म्हणे. हे बसले नाहीत, खुर्ची खराब होईन म्हणून. मंग हेडमास्तर म्हणे, मला एकच विचारायचं आहे, घरी या मुलाच्या अभ्यासाकडे कोण लक्ष देईल? मी तोंड उघडलं, पण ह्यायनं हात केला, का थांब. ह्यायनं! मले!

अन् म्हणाले, साहेब, मले अक्षर येत नाही. माझा माग खड्ड्यातला आहे, मी खड्ड्यात पाय टाकून बसतो, हा काठावर बसून मोठ्यानं वाचते. तो वाचते तवर मी विणतो. तो थांबला का मीबी थांबतो. अन् मी थांबलो का घरची भाकर थांबते, हे त्याले मालूम आहे. म्हणून तो थांबत नाही.

एवढं बोलले. लग्नापासून एका वेळी एवढं मी ऐकलं नव्हतं, माझंच तोंड उघडं राहिलं. अन् मले तरी कुठं मालूम होतं? मी समजो पोट्टा बापाजवळ बसते ते खेळ म्हणून. हेडमास्तरनं चष्मा पुसला, पुन्हा घातला, अन् प्रभाकरले म्हणे, वह्या घेऊन ये रे जूनमध्ये शाळा उघडली की. तितक्यात घंटा झाली. सुट्टीची! साऱ्या शाळेतले पोट्टे ओरडत बाहेर पडले, मले वाटलं आमच्याचसाठी ओरडून राहिले. निघालो तं चपराशी फडकं घेऊन बसलेला, हेडमास्तर दारातून म्हणे, राहू दे, वाळलं की निघेल.

गल्लीत आलो, तिघं एका सायकलवर, पोट्टा पुढच्या दांडीवर. मी टोकापासूनच ओरडली, भेटली, ॲडमिशन भेटली! बायका धावल्या, कोणी गूळ आणला, सासूनं दृष्ट काढली, पोट्ट्याची, ह्यायची, अन् सायकलचीबी. ताणा वाळून तयार होता, एक धागा तुटलेला नाही. दादाजी आपल्या ओट्यावर जाऊन बसलेला, हात धुऊन, जसं काही झालंच नाही. हे गेले, त्याच्यापुढं उभे राहिले. मंग दादाजीच प्रभाकरकडं पाहून म्हणे, काय बे, एवढा धिंगाणा केला साऱ्यायनं तुह्यासाठी, वाच पाहू काही. पोट्ट्यानं त्याच फुटक्या कोपऱ्यावर बसून धडा वाचला. आमचा अबोला तिथंच संपला. ओटा मातर तसाच ठेवला त्यानं, दुरुस्त करू देत नाही, म्हणे ती पोट्ट्याची जागा आहे.

पुढं तं मजाच झाली. दुसऱ्या वर्षी दादाजीचा नातू, मंग कोपऱ्यावरच्या घराचा, वर्षातून एखादा तरी आमच्या गल्लीतून त्या शाळेत जाऊ लागला. म्हातारे लोक पाजणीच्या पाळ्या लावाले बसले का पहिले विचारत, शाळेची मुलाखत कधी आहे गा? त्या दिवशी गल्लीत ताणा नाही म्हणजे नाही. जोडीनं जात सारे, पाय धुऊन.

आता कुठं ताणे अन् कुठं काय. माग विकले लोकायनं, गल्लीत आता स्कूटर उभ्या राहतेत. प्रभाकर सरकारी इंजिनीअर झाला, कलेक्टर नाही झाला, तेवढं एक दादाजीचं खरं झालं. प्रताप नगरात घर बांधलं, आम्हाले चला म्हणते. मी जाईन, पण ह्यायचा माग ह्या गल्लीतून हलत नाही, अन् माग नाही तं मले झोप नाही. हा एकच राहिला आता, सणासुदीचं एखादं लुगडं विणतेत. दर रविवारी प्रभाकर येते. दादाजीच्या डोळ्यायनं काही दिसत नाही आता, तं हा त्या फुटक्या कोपऱ्यावर बसून त्याले पेपर वाचून दाखवते. दारं दोन्ही उघडी ठेवतो आम्ही, म्हणजे इकडं बापालेबी ऐकू येते.

एवढा वेळ तुम्ही बसून आहा, माग एकदा तरी थांबला का सांगा? नाही नं. आज रविवार, म्हणजे प्रभाकर समोर अजून वाचून राहिला. देव त्याचा आवाज असाच ठेवो. बसा तुम्ही, मी चहा टाकतो, माग थांबला तं समजूनच जाईन मले.